चहा आला की सभा संपली

—सही ना? कुठं, इथं, या रेघेवर? घे, केली, तारीख पण टाकली. वाचायचं काय त्यात, पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीचं बुक असंच येतंय माझ्या दुकानात— सावळाराम मंडपवाले यांस, सभा आहे, खुर्च्या द्या, सतरंज्या द्या, माईक द्या, पोच द्यावी. चष्मा आत राहिलाय, पण सहीला चष्मा कशाला, हाताला वळण आहे. बस गो रविना. नाय, चुकलो— बसा. सरपंच झालात, मॅडम म्हणायला पाहिजे आता. पण जीभ वळत नाय बघ. वरच्या वाडीच्या जैतूची पोर, बापाबरोबर माझ्या टेम्पोत बसून यायची, मांडवाच्या झालरी ओढायची— तिला एकदम मॅडम कसं म्हणू? तरी म्हणतो. पाच वर्षं म्हणायचंय, सवय करायला पाहिजे. ती लाल खुर्ची नको घेऊस, तिचा एक पाय अधू आहे. टाकून का देत नाय? अगो, ती कामाची आहे, सांगतो नंतर. ही निळी घे. गीता, अगो गीता, चहा टाक गो, सरपंच आल्यात.

मला वाटलंच होतं, येणार तू. उद्या पहिली ग्रामसभा. आधीचे सगळे सरपंच आले, पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी, याच टायमाला, याच खुर्चीत. खुर्च्या सांगायच्या निमित्तानं येतात आणि मग हळूच विचारतात, सावळाशेठ, उद्या लोक भांडले तर काय करायचं? तू विचारत नाहीस, पण आलीस ना. माणूस आला की समजायचं. तू बी.ए. झालीस, मी सातवी. पण सभा कशी चालवायची ते बी.ए.ला नाय शिकवत. किन्हवलीपासून कसाऱ्यापर्यंत जिथं चार माणसं जमली तिथं माझी सतरंजी होती— भातगिरणीवाल्यांची सभा, शाळेची पालकसभा, दूध सोसायटी, बचत गट, साखरपुड्याची बोलणी— ती तर सगळ्यात अवघड सभा, तिथं दोन अध्यक्ष असतात आणि दोघी बाया. मंडपवाला म्हणजे कोण? प्रत्येक सभेला हजर आणि एकाही हजेरीपत्रकात नाव नाय, असा माणूस. खांबाला टेकून उभं राहायचं आणि बघत बसायचं. तुझा बाप दुसऱ्या खांबाला असायचा, वायर धरून. कसा आहे जैतू? गुडघे धरलेत? धरणारच, बांबू चढवून चढवून. चांगला माणूस. वीस वर्षं माझ्याकडे होता, वीस शब्द बोलला नसेल.

एकदा मुरबाडला एका संस्थेनं शिबिर घेतलं, तीन दिवस, सभा कशी चालवावी यावर. खुर्च्या माझ्याच. शहरातल्या एक बाई आल्या होत्या, फार हुशार, फार गोड. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि हातात एक पिवळा चेंडू दिला— ज्याच्या हातात चेंडू त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. चांगली गोष्ट आहे, मी नाय म्हणत नाय. पहिला चेंडू गेला एका माजी सभापतीकडे. झालं. तो चेंडू घेऊन तो पाऊण तास बोलला, मध्ये एकदा पाणी प्यायला तेव्हा चेंडू काखेत धरला. बाई आपल्या हसून बघतायत. शेवटी मी मागून चहाची किटली वाजवली. चहा बघून त्यानं कप घेतला, कप घ्यायला चेंडू खाली ठेवला, चेंडू घरंगळत गेला टेबलाखाली, आणि सभा सुटली. बाईंनी मला नंतर विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? म्हटलं, बाई, तुमच्या चेंडूपेक्षा माझी किटली जुनी आहे.

तेव्हा हे पहिलं ध्यानात ठेव— चहा आला की सभा संपली. आपल्याकडे कोणी असं लिहून ठेवलेलं नाय, पण चहा फिरला की माणूस मनातून उठतो. चप्पल शोधायला लागतो. तोंडात बिस्कीट असलेला माणूस विरोध करत नाय, करता येतच नाय. म्हणून चहा कधी आणायचा हे ज्याच्या हातात, सभा त्याच्या हातात. मी टोपी काढून डोकं खाजवलं की गीता आतून ट्रे पाठवते— पंचायत समोरच आहे ना, तिथल्या सभांचा चहा इथूनच जातो, माझ्या घरातून. पंचवीस वर्षांत एकदा चुकली नाय. आज मात्र उशीर करतेय. गीता! चहा, म्हटलं. आलं घाल त्यात. आत काय बघतेस गो रविना सारखी? येतोय, येतोय चहा.

लिहून घेत नाहीस तू? डोक्यात राहतं? बापावर गेलीस.

आता बसवणं. लोकांना वाटतं खुर्ची म्हणजे खुर्ची. शंभर माणूस येणार असेल तर किती खुर्च्या मांडायच्या? शंभर? चुकलीस. चाळीस. खालच्या गावातले आधी येऊन बसतात, त्यांना घर जवळ. वाडीवरनं डोंगर उतरून येईपर्यंत खुर्च्या भरलेल्या. मग तुमची माणसं मागं उभी राहतात. आणि उभा माणूस बोलत नाय— बघ तू कधीही— उभा माणूस निघायच्या तयारीत असतो. बाया तर सासऱ्यासमोर, दिरासमोर खुर्चीत बसतच नायत, त्या पार भिंतीपलीकडं जाऊन टेकतात, त्यांना ऐकूच येत नाय. आणि तिथनं कोणी मान हलवली की इथनं ती संमती दिसते. कोणावर जबरदस्ती केली का? नाय. फक्त खुर्च्या कमी पडल्या. खुर्च्या कमी पडणं हा काय गुन्हा आहे?

उलटंही करता येतं, चांगल्यासाठी. टोकावड्याला ढाबेवाल्यांची सभा होती, दोघा शेजाऱ्यांचं पाट्यांवरनं भांडण, एकानं दुसऱ्याच्या पाटीपुढं पाटी लावलेली. समोरासमोर बसवले असते तर ताटं फेकली असती. मी दोघांना शेजारी शेजारी बसवलं, तोंडं रस्त्याकडं. सारखी गाड्याच बघतायत दोघं. गाडी पुढच्या ढाब्याला वळली की दोघंही मिळून हळहळतायत. अर्ध्या तासात मिटलं. समोर बसवलं की माणूस भांडतो, शेजारी बसवलं की तोच माणूस कुरकुर करतो, आणि कुरकुर करता करता मैत्री होते. हे मला कोणी शिकवलं नाय. मला सगळं येतं गो, चांगलं पण येतं. पण चांगल्यासाठी कोण मंडपवाल्याला विचारतो?

हां, लाल खुर्ची. जो सारखा उठून हरकत घेतो ना, त्याच्यासाठी ती. प्रत्येक गावात एक असतो. आपल्याकडे भगीरथ मास्तर, रिटायर झालेले, कायद्याचं पुस्तक घेऊन येणारे. त्यांना मोठ्या मानानं पुढच्या रांगेत ती खुर्ची द्यायची. मास्तर तावातावानं उठायला गेले की खुर्ची कलते, मास्तर आधी खुर्ची सावरतात, लोक हसतात, आणि हशा झाला की मुद्दा गेला. दोन वर्षं झाली, मास्तरांना वाटतं त्यांनाच चक्कर येते. डॉक्टरकडं जाऊन आले. हसतेस? हस. मलाही हसू येतं, काय करणार.

माईक म्हणजे पुन्हा वेगळी गंमत. लोकांना वाटतं माईकनं आवाज वाढतो. माईकला बटण असतं, बटण माझ्याकडे. तुमच्या वाडीची ठकी— तुझी आते ना ती, सख्खी?— ती एकदा बोलायला उठली, माईकशिवाय काय खणखणीत आवाज तिचा, डोंगरावरनं बैल बोलावणारी बाई. मी पटकन जाऊन माईक दिला हातात. आदरानं दिला. ती त्या माईककडं बघायला लागली, मग स्वतःच्याच आवाजाला दचकली, मग पदर तोंडावर घेतला आणि खाली बसली. माईक दिला नसता तर तिनं सभा उलटी केली असती.

नाय, तसं नाय... म्हणजे मला काय म्हणायचंय, तंत्र म्हणून सांगतोय. तू सरपंच, तुला दोन्ही बाजू माहीत पाहिजेत.

विषयांचा क्रम सांगतो, मग सही-ठरावाचं, मग झालं. आधी असा विषय घ्यायचा ज्यात प्रत्येकाला कळतं. दिव्याचा खांब. खांब कुठं लावायचा यावर आपलं गाव दीड तास भांडतं, मी घड्याळ लावून बघितलंय. गोठ्यापाशी का देवळापाशी, वाकडा का सरळ. लाखाच्या रस्त्यावर कोणी बोलत नाय, आकडा मोठा झाला की माणूस गप्प होतो. पण खांब सगळ्यांना कळतो. भांडून भांडून दमले, घसे बसले, बायांना चुलीची आठवण झाली, की मग शेवटी— अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरे विषय ते. तेवढ्यात टोपी काढायची, डोकं खाजवायचं. चहा. आणि कोणीतरी उभं राहून गोड आवाजात म्हणायचं— म्हणजे सगळ्यांचं म्हणणं असं दिसतं की. हे वाक्य पाठ कर. सगळ्यांचं म्हणणं असं दिसतं की. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्याचं म्हणणं ते सगळ्यांचं म्हणणं. सह्या? सह्या आधीच झालेल्या असतात ना, आत येतानाच, हजेरी म्हणून. वर मजकूर नंतर येतो. न वाचता सही करणाऱ्याची चूक, नाय का?

तसंच झालं खळ्याचं. आता तू विचारणारच, म्हणून मीच सांगतो, लपवण्यासारखं काय नाय. ठराव आहे, शिक्का आहे. गावाचं खळं, म्हणजे वाडीचं आणि गावाचं मिळून, मला मान्य आहे— पिढ्यानपिढ्या तुमचं-आमचं भात तिथंच झोडलं गेलं. माझ्या आईनं तिथं शेणानं सारवलंय. चप्पल घालून कोणी त्या खळ्यावर पाय ठेवायचा नाय, लहान पोरगं विसरून गेलं तर टपली बसायची. भात ज्या जमिनीवर पडतं तिथं चप्पल नाय चालत. पण झोडणी किती दिवस? महिनाभर. बाकी अकरा महिने कुत्री झोपतात. म्हणून मी पंचायतीकडं मागितलं, दसऱ्यापासून तीन वर्षांच्या करारानं. हिरवं कार्पेट टाकलं, कमान लावली, माळा सोडल्या— लॉन झालं. कल्याणची वऱ्हाडं येतात आता, बुटानं नाचतात. गीता वेडी अजून तिथं अनवाणी जाते, कार्पेटावर, पाव्हण्यांसमोर. म्हटलं गीता, लोक हसतात, चप्पल घाल. काय बोलत नाय. ती बोलतच नाय. तीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या घरात एक ठराव नामंजूर झालेला नाय.

कुठल्या महिन्यात झाला ठराव? आषाढात. हो, भाताची आवणी चालू होती. वाडीची सगळी माणसं गुडघाभर चिखलात, सभेला कोण येणार? पहिल्या दिवशी माणसं पुरली नायत, सभा तहकूब. तहकूब झालेल्या सभेला माणसं मोजत नायत, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी आमी अकरा जण होतो. सगळ्यांना खुर्च्या पुरल्या त्या दिवशी. मास्तर आजारी होते. सगळ्यांचं म्हणणं असं दिसलं की. चहा झाला.

यात काय वाईट झालं? झोडणीच्या महिन्यात लग्नं नसतात, तेव्हा खळं सोडीन म्हणालो होतो— म्हणालो होतो, हे मान्य— पण मग तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, कार्पेट सारखं काढायचं-घालायचं म्हणजे ते खराब होतं. तुमी लोक डांबरी रस्त्यावर झोडायला लागलात. किती गावं झोडतात रस्त्यावर, गाड्याच मळणी करून देतात. आता गेल्या साली ठकीचं झालं ते— बघ, मी नाय म्हणत नाय, वाईट झालं. ती वाकलेली, भारा उचलत होती, वळणावर टेम्पोला दिसली नाय. टेम्पो... हो, माझाच. खुर्च्या होत्या त्यात, लॉनवरच्या. जैतूच होता मागं बसलेला. पण चाक पायावरनं नाय गेलं, पायाला लागलं नुसतं. प्लास्टर मी घातलं, शहापूरला नेऊन. अजून लंगडते? दोन काठ्या? मला वाटलं एक असेल. गीता जाते दर बुधवारी वाडीवर, डबा घेऊन, मी कधी अडवलं नाय. काय बोलतात दोघी तिथं देव जाणे. इथं तर मिठाला मीठ म्हणत नाय.

गीता, अगो चहा करतेस का चहाची बाग लावतेस?

असो. उद्या. उद्या काय करायचं ते ऐक, कारण तुझीच पहिली सभा, तुझीच अब्रू. कराराची तीन वर्षं संपली, मुदत वाढवायची आहे, एका ओळीचा ठराव. भात पिवळं झालंय, वाडीवाले तापलेत, कळतं मला. म्हणून तू खळ्याचं नाव सुरुवातीला काढायचंच नाय. पहिला विषय खांब. खुर्च्या मी पस्तीसच पाठवतो. माईक ठकीपाशी ठेवतो, काठ्या सावरताना माईक कसा धरेल? तुला कोणाला वाईट म्हणावं लागणार नाय. तू नुसतं हसून बघायचं, मुरबाडच्या त्या बाईंसारखं. मी टोपी काढली की तू म्हणायचं, सगळ्यांचं म्हणणं असं दिसतं की. आणि वाडीला मी विसरणार नाय. पुढच्या साली तुझं लग्न निघालं तर लॉन, जेवण, रोषणाई, सगळं सावळाकाकाकडून. ऐकलंस? बापाला सांग.

आणि समजा, समजा हं, सभा बिघडलीच. भगीरथ मास्तर लाल खुर्चीत न बसता सतरंजीवरच बसले, समज. तरी माझ्याकडे एक हुकमाचं पान आहे. शेवटचं. मी उठून शांतपणे म्हणणार— मी करारदार, माझा विषय चर्चेला आहे, आणि मला सभेची नोटीसच मिळालेली नाय. नोटीस नाय तर चर्चा नाय. पुढची तारीख. पुढची तारीख पडेपर्यंत भात झोडून झालेलं असतं, कुठं का असेना, रस्त्यावर. मग लोकांचा राग पण रस्त्यावरच राहतो, पुढच्या सालापर्यंत. तहकुबीसारखं औषध नाय.

का गो? अशी का बघतेस?

बुकाकडं का बघतेस?

मघाची सही. खुर्च्यांच्या पोचेची होती ना ती? दे इकडं. थांब, चष्मा— राहू दे, असं लांब धरून दिसतं. ग्रामसभेची नोटीस... करारदार सावळाराम... यांस कळविण्यात येते की... समक्ष मिळाली. समक्ष मिळाली, आणि खाली माझी सही. तारीख पण माझ्या हातची. अक्षर चांगलं आलंय.

विषय क्रमांक एक, खळ्याची जागा.

एक? खांब कुठं गेला? खांब आहे म्हणा, शेवटी, सात नंबरला. वा. छान. म्हणजे ताज्या दमानं आधी मी, आणि दमल्यावर खांब. कोणी शिकवलं तुला— तुमाला? मास्तरांनी? नाय? मग कोणी?

जैतूनं.

खरंच की. दुसऱ्या खांबाला होता तो. वीस वर्षं वायर धरून उभा होता आणि सगळं बघत होता. मला वाटायचं त्याचं लक्ष वायरीवर आहे. टोपीचं पण सांगितलं त्यानं? लाल खुर्चीचं? ती खुर्ची तोच मांडायचा. काय बोलायचा नाय, मला वाटलं काय वाटत नाय त्याला. बरं. बरं झालं. पोरीला काहीतरी देऊन जातो माणूस.

मग मॅडम, तुमी बोला आता. खुर्च्या किती पाठवू? शंभर पाठवतो, सगळ्या धड पायांच्या. नकोत? एक पण नको? माईक? तो पण नको. मग सभा कशी घेणार तुमी, हवेत? कुठं? खळ्यावर. करार कालच संपला, बरोबर आहे, कालच संपला. आणि कार्पेट? गुंडाळून बाजूला ठेवलंय. कोणी गुंडाळलं? असू दे, असू दे. नीट गुंडाळलं असेल तर ठीक, त्याला घडी पडली की खराब होतं. सगळे जमिनीवर बसणार. मास्तर पण, मी पण. मी पण बसेन हो, मला काय, माझी आई सारवायची ते खळं. गुडघ्याला थोडं— पण बसेन. जमिनीवर बसलं की कोण पुढं, कोण मागं, काय कळत नाय, ते पण एक आहेच.

पण एक नियम सांगतो, तुमी नव्या आहात. ग्रामसभेच्या आधी बायांची सभा व्हायला पाहिजे, नाय तर उद्याचा ठराव कच्चा. ते राहिलं तुमचं. मला बोलायचं नव्हतं, पण राहिलं. आमी ती कागदावर घ्यायचो. बुक घरी यायचं, गीता पहिली सही करायची, तिच्याखाली बाकीच्या, कोणी विचारत नसे. तुमाला आता वेळ कुठं आहे, उद्याच तर—

आज? खळ्यावरच? चार वाजता? चार तर झाले. मग सभा सोडून तुमी इथं काय करताय, तासभर? नोटीस तर पहिल्या मिनिटालाच दिलीत. मला वाटलं शिकायला बसलात. म्हणजे मी एवढा वेळ... वाट बघत होतात? कोणाची वाट? इथं माझ्याशिवाय कोण—

गीता.

चहा घेऊन आलीस ना? ट्रे कुठं आहे? हे पातळ कधी काढलंस, हे तर पेटीत होतं. आणि ही मोठी सतरंजी खांद्यावर घेऊन निघालीस कुठं, ती नवी आहे, ती लग्नाला... चूल पेटवलीच नाय का? मघापासून हाका मारतोय मी.

बुधवारी काय बोलता म्हणून कधी विचारलं नाय मी तुला. विचारायला पाहिजे होतं, नाय?

बरं, जा. सभा आहे म्हणजे जायलाच पाहिजे, मीच तर सांगत असतो सगळ्यांना. मॅडम, तिला पुढं बसवा. ती बोलत नाय फारशी, मध्येच कोणी तोडली तर परत बोलायची नाय, तेवढं सांभाळा. आणि गीता, ऐक, काय बोलायचं ते नीट... नाय, काय नाय. तुझं तू बघ. अगो, पण थांब, चप्पल राहिली. ही काय उंबऱ्यातच राहिली तुझी चप्पल. केवढं ऊन आहे, डांबर तापलंय, पाय भाजतील, चप्पल तरी—